एका अक्षराचा फरक आणि दोन ॲनिमल हाउस: एटीजी१६एल१ जनुकाचं प्रकरण

युरोपीय वंशाच्या लोकांत एटीजी१६एल१ या जनुकाच्या एकूण जेवढ्या प्रती असतील, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या प्रतींत एक अक्षर वेगळं असतं. डीएनएच्या त्या जागेवर 'ए'ऐवजी 'जी' आल्यामुळे प्रथिनातलं तीनशेव्या क्रमांकाचं अमिनो आम्ल बदलतं. थ्रिओनिन जाऊन तिथे ॲलॅनिन येतं. या बदलाचं नाव टी३००ए. आई आणि वडील दोघांकडून तो मिळालेली माणसं साधारण चारांत एक निघतात. हाच बदल क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा धोका वाढवतो, आणि त्याबद्दल आता संशोधकांत वाद उरलेला नाही. पण क्रोन्स आजार याच लोकसंख्येत हजारी दोन-तीन जणांनाच होतो.

हा हिशेब मुद्दाम मांडून बघावा. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर धोका ढोबळमानाने दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे अशा हजार माणसांमागे चार-पाच जणांना आजार होईल आणि उरलेले नऊशे पंच्याण्णव जण त्या बदलासकट आयुष्य काढतील. त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर या जनुकाचं नावही येणार नाही. मग ज्यांना आजार होतो त्यांच्या बाबतीत वेगळं काय घडतं? हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते या एका प्रश्नासाठी. आजाराशी नातं सापडलेले जनुकीय बदल आता शेकड्यांनी आहेत. पण 'बदल आहे' इथपासून 'आजार झाला' इथपर्यंतची वाट इतक्या टप्प्यांनी तपासली गेल्याची उदाहरणं फार थोडी. आणि या तपासातलं सगळ्यांत मोठं वळण आलं ते उंदरांचा मुक्काम हलवल्यामुळे.

आजार

क्रोन्स आजाराचं पहिलं नेमकं वर्णन १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघा डॉक्टरांनी केलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, ही या आजाराची आवडती जागा. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात तो कुठेही होऊ शकतो. दाह आतड्याच्या वरच्या अस्तरापुरता राहत नाही, भिंतीच्या आरपार जातो. मध्येच निरोगी पट्टा, त्याच्या अलीकडे-पलीकडे व्रण, असं तुटक चित्र दिसतं. पोटदुखी, जुलाब, वजन घटणं, थकवा, पुढे आतडं अरुंद होणं किंवा फिश्चुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली आडवाट), आणि कित्येकांच्या वाट्याला आतड्याचा तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो.

आतड्यातल्या जिवाणूंना शरीराची प्रतिकारयंत्रणा देत असलेला अवाजवी आणि न थांबणारा प्रतिसाद, असं या आजाराचं मूळ आज मानलं जातं. २००१ साली या आजाराशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, एनओडी२. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारं प्रथिन त्यातून तयार होतं, त्यामुळे या समजुतीला बळ मिळालं. एटीजी१६एल१ आलं त्यानंतर सहा वर्षांनी, आणि आलं ते अशा दिशेने जिकडे आतड्याच्या आजारांवर काम करणाऱ्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

जनुकाचं रोजचं काम

पेशी आपल्यातले जुने, मोडके भाग दुपदरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते, ती पिशवी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीला, नेऊन जोडते, तिथे माल पचवते आणि निघालेली द्रव्यं पुन्हा वापरते. ही ऑटोफॅजी. १९६३मध्ये ख्रिस्तियान द दूव यांनी हे नाव दिलं, पण ही यंत्रणा कुठल्या जनुकांवर चालते ते पुढची तीस वर्षं कळत नव्हतं. योशिनोरी ओसुमी यांनी साध्या यीस्टवर काम करून १९९३मध्ये त्यासाठी लागणारी पंधरा जनुकं हेरली. २०१६चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना ऑटोफॅजीवरच्या या कामासाठी मिळालं. नावात 'एटीजी' असलेली सगळी जनुकं या घराण्यातली.

यीस्टमध्ये ही यंत्रणा मुख्यतः उपासमारीत कामी येते. सस्तन प्राण्यांच्या पेशीत तिला आणखी एक जबाबदारी आहे. पेशीत घुसलेल्या जिवाणूलाही ती तशाच पिशवीत गुंडाळू शकते. स्ट्रेप्टोकॉकस आणि क्षयाचे जिवाणू या मार्गाने आवरले जातात, हे २००४मध्ये दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून ऑटोफॅजी हा प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचाही विषय झाला.

एटीजी१६एल१ नेमकं करतं काय? पिशवी तयार होताना तिच्या पटलावर एलसी३ नावाची छोटी प्रथिनं चिकटवावी लागतात. ती चिकटवणारी जोडी म्हणजे एटीजी१२ आणि एटीजी५. पण ही जोडी आपल्या मनाने कुठेही काम सुरू करत नाही. मुकादम मजुरांना हाताला धरून आजचं काम कुठे आहे ते दाखवतो, तसं एटीजी१६एल१ या जोडीला योग्य पटलापाशी नेऊन उभं करतं. ते नसेल तर एलसी३ पटलावर बसत नाही आणि पिशवी नीट पुरी होत नाही.

या प्रथिनाच्या रचनेतली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कथेला लागू पडते. यीस्टमधलं एटीजी१६ आखूड आहे. माणसातलं लांब, ६०७ अमिनो आम्लांचं, आणि त्याच्या शेपटाकडे डब्ल्यूडी४० नावाचा मोठा भाग जोडलेला आहे, जो यीस्टमध्ये मुळातच नाही. टी३००ए बदल पडतो तो या भागाच्या किंचित अलीकडे, लवचिक दुव्यात. म्हणजे ऑटोफॅजीचं सगळं व्याकरण ज्या जीवावर लिहिलं गेलं, त्या यीस्टमध्ये हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

२००७

जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या गटाने १९,७७९ जनुकीय बदल निवडले. निवड विचारपूर्वक होती: प्रथिनाची रचना प्रत्यक्ष बदलणारेच बदल घ्यायचे. ७३५ क्रोन्स रुग्ण आणि ३६८ निरोगी माणसं यांच्यात ते ताडून पाहिले, मग वर आलेली नावं दुसऱ्या रुग्णसमूहांत पुन्हा तपासली. त्यातून टी३००ए निघालं. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या एका गटाला वेगळ्या पद्धतीने तेच जनुक सापडलं, आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या मोठ्या पाहणीत, जिथे सात आजारांचे प्रत्येकी सुमारे दोन हजार रुग्ण आणि तीन हजार निरोगी माणसं होती, तिथेही ते टिकलं.

मात्र परिणाम लहान होता. बदलाच्या एका प्रतीमागे धोका सुमारे १.३ ते १.४ पट. एवढ्या लहान परिणामातून आजाराची यंत्रणा उलगडेल असं तेव्हा कुणी छातीठोकपणे म्हटलं नसतं.

पॅनेथ पेशी

पुढच्याच वर्षी, २००८मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून केन कॅडवेल, थॅडियस स्टॅपेनबेक, हर्बर्ट व्हर्जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. हे जनुक पूर्ण काढून टाकलं तर उंदराची पिल्लं बहुतेक जन्मानंतर एका दिवसात मरतात, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. त्यांचे उंदीर असे होते की प्रथिन तयार होतं पण फार कमी.

हे उंदीर दिसायला ठीक होते. जगत होते, खात होते. दोष दिसला तो इलियमचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर.

लहान आतड्याच्या अस्तरात उंचवट्यांच्या मध्ये खोल खळगे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक क्रिप्टच्या तळाशी, मूलपेशींना खेटून, पॅनेथ पेशी बसलेल्या असतात. त्यांचा आकार बुडाशी रुंद, वर निमुळता, आणि निमुळत्या टोकाशी गोल, टपोऱ्या कणिका गच्च भरलेल्या. या कणिकांत लायसोझाइम आणि इतर जिवाणूनाशक प्रथिनं असतात. गरज पडली की पेशी त्या क्रिप्टच्या पोकळीत सोडते. लायसोझाइमला रंग देणारी चाचणी केली की निरोगी उंदरात क्रिप्टच्या तळाशी स्पष्ट, सुटे ठिपके उठून दिसतात. एटीजी१६एल१ कमी असलेल्या उंदरांत ते ठिपके विस्कटले होते. काही पेशींत मोजक्याच कणिका, काहींत भलत्या जागी पडलेल्या, काहींत ठिपकाच नाही आणि लायसोझाइम सगळ्या पेशीभर धुरकट पसरलेलं. ऑटोफॅजी बिघडली तर पेशीत कचरा साठेल एवढीच अपेक्षा असते. इथे बिघडलं होतं ते शस्त्र तयार करून बाहेर सोडण्याचं काम.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यामुळे हे काम उंदरांपुरतं राहिलं नाही. क्रोन्स रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या इलियमचे नमुने घेतले, रुग्णाचा जनुकप्रकार पाहिला, आणि दोन्ही प्रतींत टी३००ए असलेल्यांच्या पॅनेथ पेशींत तोच विस्कळीतपणा दाखवला.

त्याच वर्षी जपानमधून शिझुओ अकिरा यांच्या गटाने दुसरी बाजू पुढे आणली. एटीजी१६एल१ नसलेल्या मॅक्रोफेज पेशींना (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींना) जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विषद्रव्य दिलं की त्या इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं द्रव्य भरमसाट सोडतात. ज्यांच्या रक्तपेशींत हे जनुक नाही अशा उंदरांना आतड्याला इजा करणारं रसायन दिलं तेव्हा त्यांचा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, जास्त तीव्र झाला, आणि इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-१८ यांना अडवणाऱ्या प्रतिद्रव्यांनी तो सौम्य झाला. म्हणजे एकाच जनुकाची दोन कामं समोर आली: अस्तराच्या पेशीत संरक्षणाची सामग्री नीट ठेवणं, आणि प्रतिकारपेशीत दाहाला लगाम घालणं.

इथवर चित्र सरळ वाटतं. जनुक बिघडलं, पॅनेथ पेशी बिघडली, दाह वाढला, आजार झाला. बहुतेक प्रकरणं इथेच बंद होतात आणि पाठ्यपुस्तकात एक बाण काढला जातो.

उंदीर हलवल्यावर

सेंट लुइसच्या गटाने आपले उंदीर जास्त काटेकोर स्वच्छतेच्या ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवण्याच्या जागेत, नव्याने वाढवले. असं स्थलांतर भ्रूण हलवून करतात, म्हणजे जुन्या जागेतले जंतू सोबत येत नाहीत. उंदीर त्याच वंशाचे, जनुकात तोच दोष, एटीजी१६एल१ तितकंच कमी. आणि त्यांच्या पॅनेथ पेशी निरोगी दिसू लागल्या. कणिका जागच्या जागी.

अशा वेळी प्रयोग पुन्हा जमत नाही म्हणून मूळ निष्कर्षावर शंका घेणं सोपं असतं. जुने निकाल बाजूला ठेवून पुढे जाणं तर त्याहून सोपं. या गटाने उलट विचारलं: जुन्या जागेत असं काय होतं, जे इथे नाही?

उत्तर होतं एक विषाणू. उंदरांचा नॉरोव्हायरस २००३ साली याच व्हर्जिन यांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा ओळखला गेला होता, आणि प्रयोगशाळांतल्या उंदरांच्या वसाहतींत तो सर्रास आढळतो. धडधाकट उंदरांना तो काहीच करत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. नव्या, स्वच्छ जागेत तो नव्हता. संशोधकांनी तिथल्या उंदरांना सीआर६ नावाच्या, शरीरात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या प्रकाराचा मुद्दाम संसर्ग केला. जनुकात दोष असलेल्या उंदरांच्या पॅनेथ पेशी पुन्हा विस्कटल्या. जनुक धड असलेल्या उंदरांना तोच विषाणू दिला तर काही नाही. लवकर निघून जाणारा दुसरा प्रकार, सीडब्ल्यू३, दोष असलेल्या उंदरांना दिला तरीही काही नाही.

मग त्यांनी तिसरी गोष्ट घातली, आतड्याला इजा करणारं रसायन. दोषी जनुक, टिकणारा विषाणू आणि इजा या तिन्ही एकत्र आल्यावर उंदरांच्या आतड्यात क्रोन्स आजाराची आठवण करून देणारे बदल दिसले. टीएनएफ-अल्फा किंवा इंटरफेरॉन-गॅमा यांपैकी एखादं दाहद्रव्य अडवलं तर ते टळले. प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले तरीही टळले. म्हणजे नेहमीचे, निरुपद्रवी जिवाणूही या साखळीतली चौथी कडी होते. हे सगळं २०१० साली प्रसिद्ध झालं.

मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. त्याने पहिल्या निबंधातलं काहीही खोडलं नाही. जे दिसलं होतं ते खरंच होतं, फक्त ते एका जनुकाचं काम नव्हतं. यांतली कुठलीही एक कडी काढा, आजार उभा राहत नाही. मग 'कारण' कुणाला म्हणायचं? जनुकाला म्हणावं तर स्वच्छ जागेतले उंदीर पुढे येतात; विषाणूला म्हणावं तर जनुक धड असलेले. सुरुवातीला आलेल्या नऊशे पंच्याण्णव माणसांचा खुलासा या मांडणीत आहे.

तीनशेवी जागा

तरीही एक मोठी फट होती. वरचे उंदीर एटीजी१६एल१ फारच कमी असलेले होते. टी३००ए असलेल्या माणसात प्रथिन कमी नसतं. पूर्ण मात्रेत असतं आणि नेहमीची ऑटोफॅजीही बऱ्यापैकी चालवतं. मग हा बदल बिघडवतो काय?

उत्तर मिळायला २०१४ उजाडलं. कॅस्पेज-३ हे प्रथिनं कापणारं विकर पेशी संकटात असली की जागं होतं: उपासमार, संसर्ग, दाह. ते एटीजी१६एल१ कापतं, आणि कापतं ते २९९व्या अमिनो आम्लाच्या लगेच पुढे. तीनशेव्या जागी थ्रिओनिन असेल तर हा काप कमी पडतो. ॲलॅनिन असेल तर सहज पडतो. माणसातला बदल उंदरात हुबेहूब उतरवून हे तपासलं गेलं. शांत परिस्थितीत पेशींत विशेष फरक नाही, पण ताण आला की बदललेलं प्रथिन झपाट्याने तुटतं, ऑटोफॅजी मंदावते, यर्सिनिया एंटेरोकोलिटिकासारखा जिवाणू आवरणं मॅक्रोफेजना जड जातं आणि दाहद्रव्यं वाढतात. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने असेच उंदीर करून पॅनेथ पेशींतले आणि श्लेष्मा सोडणाऱ्या गॉब्लेट पेशींतले बदल दाखवले. आपोआप कोलायटिस मात्र या उंदरांना होत नाही.

दोन ॲनिमल हाउसच्या प्रयोगाचं रेणूंच्या पातळीवरचं उत्तर इथे आहे. बदल शांततेच्या काळात दबून राहतो, कारण कात्री तेव्हा चालतच नाही. ज्या वेळी ऑटोफॅजीची सगळ्यांत जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी तिचा पुरवठा तोडला जातो.

एनओडी२चा धागाही दरम्यान इथेच येऊन मिळाला होता. पेशीत जिवाणू जिथून घुसतो त्या जागी एनओडी२ हे एटीजी१६एल१ला ओढून आणतं, असं २०१०मध्ये दाखवलं गेलं; क्रोन्समध्ये सापडणाऱ्या एनओडी२च्या एका दोषात हे ओढून आणणं जमत नाही. वेगवेगळ्या वाटांनी सापडलेली दोन जनुकं एकाच कामाची दोन टोकं निघाली. आणि २०१७मध्ये लोरा हूपर यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला: साल्मोनेलाच्या हल्ल्यात पॅनेथ पेशीचा नेहमीचा स्राव-मार्ग बंद पडतो, तेव्हा ती लायसोझाइम ऑटोफॅजीच्या यंत्रणेतून बाहेर पाठवते. टी३००ए असलेल्या उंदरांत हा पर्यायी रस्ता अडलेला असतो. त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या विस्कटलेल्या ठिपक्यांना त्यामुळे एक पटेल असा अर्थ मिळाला.

इतका सर्वसाधारण का?

घातक बदल निम्म्या प्रतींपर्यंत पसरत नाही. पसरला असेल तर कुठेतरी त्याने फायदा दिला असावा, अशी शंका यायला हवी, आणि ती तपासलीही गेली. एटीजी१६एल१ कमी असलेल्या उंदरांच्या मूत्राशयात ई. कोलायचा संसर्ग केला तर त्यांनी तो निरोगी उंदरांपेक्षा लवकर हटवला. सिट्रोबॅक्टर रोडेंटियम या आतड्याच्या जिवाणूलाही त्यांनी जास्त चांगलं तोंड दिलं. एरवी दाबून ठेवलेला प्रतिसाद या उंदरांत थोडा सैल आणि म्हणून जास्त तत्पर असतो, आणि तीव्र संसर्गात तत्परता जीव वाचवते.

उंदरांवरच्या या प्रयोगांवरून माणसाच्या इतिहासाचा निकाल लावणं घाईचं होईल. पण जनुक तपासणीच्या अहवालात या बदलापुढे 'दोष' असं लिहिलेलं असतं ते मला खटकतं, ते यामुळेच. एका परिस्थितीत तोटा आणि दुसरीत लाभ देणाऱ्या गोष्टीला दोष म्हणून मोकळं होता येत नाही.

माणसांत काय दिसलं

उंदरांतल्या विषाणूच्या जागी माणसांत कोण? धूम्रपान हे क्रोन्स आजाराचं फार जुनं, पक्कं ठाऊक असलेलं जोखमीचं कारण. २०१८च्या एका अभ्यासात टी३००ए असलेल्या उंदरांना सिगारेटचा धूर दिल्यावर त्यांच्या पॅनेथ पेशी बिघडल्या, आणि क्रोन्स रुग्णांतही धूम्रपान आणि हा बदल एकत्र असताना पॅनेथ पेशींचे दोष दिसले. चित्र तेच, बाहेरचा घटक वेगळा.

जपानमधले निष्कर्ष सोबत ठेवले पाहिजेत. तिथल्या रुग्णांत टी३००ए आणि क्रोन्स यांचं नातं सुरुवातीच्या अभ्यासात सापडलं नाही. एनओडी२चे युरोपात गाजलेले बदल तर तिथे जवळपास नाहीतच. तिथे टीएनएफएसएफ१५ हे वेगळंच जनुक ठळक आहे. आजार मात्र तिथेही होतो. त्यामुळे युरोपीय रुग्णांवर बेतलेला जोखमीचा हिशेब दुसऱ्या वंशाच्या माणसाला लावून दाखवणाऱ्या तपासण्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

दवाखान्यात आज या बदलाची तपासणी करून उपचार ठरत नाहीत. निदान एंडोस्कोपी, बायोप्सी, स्कॅन आणि रक्त-मलाच्या तपासण्यांवरच होतं. ऑटोफॅजी कमी पडते तर ती वाढवणारं औषध द्यावं, हा विचार साहजिक आहे. पण एव्हरोलिमस हे ऑटोफॅजीला चालना देणाऱ्या वर्गातलं औषध क्रोन्स रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं होतं, आणि २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत आजार आटोक्यात ठेवण्यात ते प्लासीबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही. पेशी संकटात असताना प्रथिनच कापलं जात असेल, तर वरून चालना देऊन किती उपयोग होईल, हा प्रश्न उरतोच.

'उपवास करा, ऑटोफॅजी वाढेल, आतडं बरं होईल' अशा सल्ल्यांनी क्रोन्सचे रुग्ण आज सगळीकडून वेढलेले आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की या जनुकावरच्या संशोधनात त्या सल्ल्याला आधार नाही. उपासमार हाही पेशीवरचा ताणच आहे, आणि कात्री ताणातच चालते. ज्या आजारात वजन आणि पोषण आधीच ढासळतं, त्यात डॉक्टरांना न विचारता जेवण तोडणं धोक्याचं आहे.

उपचाराची जास्त विश्वासार्ह वाट दुसरीकडून येते आहे. एटीजी१६एल१ नसलेल्या पॅनेथ पेशी टीएनएफ-अल्फाच्या माऱ्यात नेक्रोप्टोसिस या दाहकारक पद्धतीने मरतात, हे २०१७मध्ये कॅडवेल यांच्या गटाने आतड्याच्या ऑर्गनॉइडवर दाखवलं. ऑर्गनॉइड म्हणजे मूलपेशींपासून बशीत वाढवलेलं अस्तराचं छोटं प्रतिरूप. मग २०२२मध्ये त्याच गटाने विचारलं की विषाणू येईपर्यंत या पेशी तगून कशा राहतात. अस्तराच्या पेशींमध्ये गॅमा-डेल्टा टी पेशी घुसून बसलेल्या असतात. त्या एपीआय५ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते पॅनेथ पेशींना मरण्यापासून वाचवतं. नॉरोव्हायरसचा संसर्ग झाला की हा पुरवठा आटतो आणि तोवर झाकलेला जनुकाचा कमकुवतपणा उघडा पडतो. बाहेरून एपीआय५ दिल्यावर उंदरांतल्या आणि धोक्याचा बदल असलेल्या माणसांच्या ऑर्गनॉइडमधल्या पॅनेथ पेशी वाचल्या. जनुकाला हात न लावता त्याच्या कमकुवतपणावरचं झाकण परत घालता येतं का, हे त्यातून पुढे तपासता येईल. ते रुग्णापर्यंत पोचायला मात्र बराच पल्ला आहे.

माणसांतली अडचण अशी की रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा साखळी सुरू होऊन काळ लोटलेला असतो. आतड्यात दिसणारे बदल आजाराआधीचे की आजारामुळे झालेले, ते वेगळं काढता येत नाही. म्हणून कॅनडातून चालवल्या जाणाऱ्या जीईएम प्रकल्पात क्रोन्स रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांचं रक्त, मल आणि जनुकं आजार नसतानाच गोळा करून ठेवली आहेत. पाच हजारांहून अधिक माणसं त्यात आहेत. त्यांतल्या मोजक्या काहींना पुढे आजार झाला आणि बहुतेकांना झाला नाही. त्या दोन गटांचे आजाराआधीचे नमुने आता शेजारी शेजारी ठेवून तपासले जात आहेत.